मध्यस्थाला सांगितलेलं कुठपर्यंत जातं? मुलांचा ताबा आणि चार वकील

शेलूबाजारहून बोलतोय. मधे ट्रकचा आवाज आला तर तो समृद्धीच्या इंटरचेंजकडे वळणारा समजा. एडिटिंगमध्ये जेवढा कापता आला तेवढा कापलाय. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला मजकूर, बोलण्यातला थोडा पसारा आवरून.

आजचा विषय आहे मुलांचा ताबा. नवरा-बायको वेगळे झाले की मूल कोणाकडे, हे कोर्टाने ठरवायच्या आधी त्या दोघांना मध्यस्थीला पाठवतात. काही वेळा मुलाचं मानसशास्त्रीय मूल्यमापन पण करायला सांगतात. या दोन गोष्टींबद्दल वकिलांना काय वाटतं, ते मी गेले दोन महिने विचारत फिरतोय. मी वकील नाही. बीटेक आहे, बॅकएंडचं काम करतो. त्यामुळे इथलं काही ऐकून कोणी परस्पर अर्ज टाकू नका, आपल्या वकिलाला विचारा.

फिरत का होतो, तर विषय घरातला आहे. ताईला विचारूनच सांगतोय, आणि मुलाचं नाव, कोर्टाचं नाव, हे काही सांगणार नाही. ताईचा मुलगा सहा वर्षांचा आहे, वर्षभरापासून आमच्याकडे शेलूबाजारला राहतो, इथल्याच शाळेत जातो. भाऊजी पुण्यात नोकरीला. ते वाईट माणूस नाहीत, हे मी आईसमोर बोललो की ती ताट आपटते, पण नाहीत. कोर्टाने दोघांना मध्यस्थीला पाठवलंय. भाऊजींच्या वकिलाने शिवाय अर्ज दिलाय की मुलाचं तज्ज्ञाकडून मूल्यमापन व्हावं. आणि ताईचा प्रश्न एकच आहे: "मध्यस्थाला मी मनातलं खरं सांगितलं, तर ते जजसाहेबांपर्यंत जाईल का?"

मला वाटलं होतं, पाच मिनिटांत सर्च करून उत्तर मिळेल. नाही मिळालं. चार वकिलांना विचारलं आणि चार वेगवेगळी उत्तरं आली.

आधी थोडा पाया. कंटाळा करू नका, इथे आपल्या विदर्भाचा एक मोठा हात आहे.

मुलांच्या ताब्याचे अर्ज आजही ज्या कायद्याखाली चालतात तो 'पालक आणि पाल्य अधिनियम' १८९० सालचा आहे. इंग्रजांच्या काळातला. त्याचं कलम १७ सांगतं की निर्णय करताना मुलाचं हित बघायचं. त्यावर १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आला. त्याच्या कलम ६ मध्ये लिहिलंय की नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि 'त्यांच्यानंतर' आई. त्याच कलमात पुढे आहे की पाच वर्षांखालचं मूल सामान्यपणे आईकडे राहील. आणि कलम १३ म्हणतं, या सगळ्याच्या वर मुलाचं हित.

आता 'त्यांच्यानंतर' म्हणजे काय? वडील वारल्यावरच? १९७० साली सुप्रीम कोर्टात एक खटला गेला होता. तो ताब्याचा नव्हताच. विदर्भाच्या कुळकायद्याचा होता. एका अज्ञान मुलीची शेती तिच्या आईने कुळाला कसायला दिली होती. प्रश्न असा आला की वडील जिवंत असताना आईला तसा अधिकार होता का. वडील कित्येक वर्षांपासून वेगळे राहत होते, मुलीच्या कारभारात त्यांनी लक्षच घातलं नव्हतं. कोर्ट म्हणालं, अशा वेळी आई हीच नैसर्गिक पालक. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायचे ठरवले. वडिलांची सही हवी म्हणून अर्ज परत आला. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९९९ साली कोर्टाने 'नंतर'चा अर्थ 'गैरहजेरीत' असा लावला. त्या निकालात आपला हा कुळकायद्याचा खटला आधाराला होता. म्हणजे देशभरातल्या आयांना फॉर्मवर सही करता यायला लागली, त्याची एक मुळी वऱ्हाड-नागपूरकडच्या वावरात आहे. मंगरूळपीरच्या वकीलकाकांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पाच वर्षांच्या अटीबद्दलचा मोठा निकाल गोव्यातल्या प्रकरणात २०१५ ला आला. पाचाच्या आतलं मूल असेल तर आईने आपली लायकी सिद्ध करत बसायचं नाही, आईकडे राहणं मुलाच्या हिताचं नाही हे वडिलांनी दाखवायचं. पण आमचा भाचा सहाचा आहे. ही ढाल आम्हाला नाही.

आता मध्यस्थी.

मध्यस्थी म्हणजे लोकांना वाटतं 'समजूत काढणे'. नांदायला परत पाठवणे. गावातले चार वडीलधारे बसून करतात ते. कोर्टाची मध्यस्थी तशी असायला नको. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ हे २००२ पासून लागू आहे, त्याखाली न्यायालयं प्रकरणं मध्यस्थीला पाठवतात. मध्यस्थाला ४० तासांचं प्रशिक्षण असतं. तो निकाल देत नाही, कोण चूक ते सांगत नाही. दोघांशी एकत्र बोलतो, वेगवेगळं बोलतो, आणि जमलं तर लिहून घेतो. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तर न्यायाधीशांवरच आधी समेटाचा प्रयत्न करायची जबाबदारी टाकलीय. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये एक गंमत आहे. कुटुंब न्यायालयात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाच्या परवानगीने लावता येतो. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाच वकिलांबद्दल थोडी शंका होती. हे मी पुण्याच्या वकीलबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "शंका होती, पण वकिलाशिवाय माणसं काय काय सही करून बसतात ते मी रोज बघते."

मंगरूळपीरचे वकीलकाका पस्तीसेक वर्षांपासून प्रॅक्टिस करतात. त्यांचं मत मध्यस्थीच्या बाजूने नाही, विरोधातही नाही. ते म्हणाले, "भाऊ, पोटगीचा आकडा मध्यस्थासमोर ठरते, दागिने वापस द्याचं ठरते. पन लेकरू म्हंजे धुऱ्याचं भांडन नाई, का अर्ध तुले अन् अर्ध मले." पुढे त्यांनीच सांगितलं की त्यांच्या हातून मिटलेली सगळ्यात चांगली प्रकरणं मध्यस्थीत मिटली. मी म्हटलं, काका, मग? तर म्हणे, मिटते तेव्हा लय चांगलं मिटते, नाई मिटत तेव्हा दोघं एकमेकांचे पत्ते पाहून घेतात. पत्ते म्हणजे काय? समोरचा किती दमलाय, किती पैशांवर येईल, मुलाशिवाय किती दिवस राहू शकेल, हे सगळं त्या खोलीत कळतं. मग बाहेर आल्यावर लढाई त्या माहितीवर चालते.

अकोल्याचे जे वकील भेटले त्यांच्याकडे जास्त करून वडिलांच्या केसेस आहेत. त्यांची तक्रार वेळेबद्दल होती. मूल ज्याच्याकडे आहे त्याला घाई नसते. मध्यस्थीच्या दोन-चार तारखा, एखादी गैरहजेरी, मधे दिवाळीची सुट्टी, आणि तोपर्यंत मूल एका घरात रुळतं. नंतर तेच रुळणं कोर्टात कारण म्हणून येतं की आता मुलाला हलवू नका. ते म्हणाले, मध्यस्थीला पाठवायचं तर खुशाल पाठवा, पण त्याच दिवशी भेटीचा अंतरिम आदेश करून पाठवा. मला हे पटलं, आणि पटलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण आत्ता मूल आमच्याकडे आहे. भाऊजी गेल्या काही महिन्यांत मोजून तीनदा भेटलेत.

वाशिमच्या वकीलबाई स्वतः प्रशिक्षित मध्यस्थ आहेत. त्यांचं म्हणणं नेमकं उलट्या बाजूने होतं. मारहाणीच्या प्रकरणात त्या पहिल्या बैठकीतच दोघांना समोरासमोर बसवत नाहीत. ज्या बाईने दहा वर्षं नवऱ्याच्या नजरेचा धाक खाल्लाय, ती त्याच्यासमोर बसून 'मला मान्य आहे' म्हणते, तेव्हा ते मान्य असतंच असं नाही. आणि त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त बोचली. पुष्कळदा बाई मुलासाठी पोटगी सोडते. समोरून उघड कोणी म्हणत नाही, पण गणित तेच असतं: पोटगीचा अर्ज मागे घे, मी ताब्याचा मागे घेतो. कागदावर ते 'सामंजस्याने तडजोड' म्हणून येतं. पुरसिस दाखल होते, प्रकरण निकाली. मूल आईकडे, आणि मुलाच्या शाळेची फी मामाकडे. मामा म्हणजे कोण, ते तुम्हाला कळलंच असेल.

आता ताईच्या प्रश्नाकडे येतो. सांगितलेलं कुठपर्यंत जातं?

साधं उत्तर असं आहे की मध्यस्थी गोपनीय असते. मध्यस्थ कोर्टाला एवढंच कळवतो की जमलं की नाही जमलं. कोण काय बोललं, कोणी कोणता प्रस्ताव दिला, ते पुराव्यात येत नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही गोपनीयतेची कलमं आहेत. हे नसतं तर माणूस तिथे तोंडच उघडणार नाही.

पण मुलांच्या ताब्यात या उत्तराला एक फट आहे, आणि ती सुप्रीम कोर्टाने २०१९ साली स्पष्ट केली. प्रकरण दिल्लीचं. आई भारतात, वडील केनियात, मुलगा आईजवळ. दिल्ली हायकोर्टाने त्यांना मध्यस्थीला पाठवलं, आणि त्याच दरम्यान एका समुपदेशकाने मुलाशी बोलून अहवाल दिला. मध्यस्थी फिसकटली. अहवाल मात्र राहिला. आईचं म्हणणं, हे मध्यस्थीत झालेलं आहे, गोपनीय आहे, वापरू नका. हायकोर्टाने आधी तिची हरकत फेटाळली, मग फेरविचारात मान्य केली. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती उदय लळीत यांनी निकाल लिहिला. आपले लळीत, जे पुढे २०२२ ला सरन्यायाधीश झाले. निकालाचा गाभा असा: आई-वडिलांमधली बोलणी गोपनीय राहायची ती राहोत. पण मुलाच्या बाबतीत न्यायालय हे स्वतःच पालकाच्या भूमिकेत असतं, त्याला मुलाच्या मनात काय आहे ते कळायलाच हवं, म्हणून समुपदेशकाचा मुलाबद्दलचा अहवाल न्यायालय बघू शकतं.

कागदावर वाचलं की बरोबर वाटतं. मुलाचं म्हणणं कोर्टाने ऐकायला नको का? हवंच. पण चारही वकील इथे येऊन अडखळले. वाशिमच्या वकीलबाई म्हणाल्या, खोली एक, टेबल एक, चहा एक, आणि त्यातला अर्धा भाग गोपनीय आणि अर्धा नाही, हे पक्षकाराला समजावणं अवघड जातं. पुण्याच्या वकीलबाई म्हणाल्या की त्यांनी आता अशिलांना सांगायलाच सुरुवात केलीय: मध्यस्थाशी मोकळं बोला, पण मूल समुपदेशकाला भेटणार असेल तर आधी मला कळवा. अकोल्याचे वकील म्हणाले, निकाल योग्य आहे, कारण मुलाला पढवलेलं असेल तर ते उघड व्हायचा दुसरा मार्ग नाही.

याच प्रकरणाचं पुढे काय झालं तेही ऐका. २०२० ला सुप्रीम कोर्टाने ताबा वडिलांना दिला, मुलगा केनियाला गेला. अट अशी होती की तिथल्या कोर्टाकडून तसाच आदेश आणून द्यायचा. आदेश आला. नंतर कळलं की तो कागदच खरा नव्हता. २०२१ ला सुप्रीम कोर्टाने आपला आदेश मागे घेतला. इतकी वर्षं मुलाला भेटून, बोलून, अहवाल करून शेवटी प्रकरण एका बनावट कागदावर घसरलं.

मध्यस्थ आणि मूल्यमापन करणारा, ही दोन माणसं वेगळी असावीत का, हा प्रश्न एकट्या आपल्याकडचा नाही. आपले बरेच श्रोते बे एरियात आहेत, त्यांना हे जवळचं वाटेल. कॅलिफोर्नियात १९८१ पासून ताब्याचा वाद असेल तर मध्यस्थी सक्तीची आहे. पण तिथे काऊंटीनुसार दोन पद्धती आहेत. काही काऊंट्यांत मध्यस्थाला सांगितलेलं त्याच्याजवळच राहतं. काहींत जमलं नाही तर तोच मध्यस्थ कोर्टाला शिफारस करतो की मूल कोणाकडे द्यावं. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, घर रस्त्याच्या या बाजूला की त्या बाजूला यावर तुमचं बोलणं ठरतं. शिफारस करणाऱ्या पद्धतीवर तिथे बरीच वर्षं टीका झाली, तेव्हा त्यांनी तिचं नाव बदलून 'शिफारस करणारं समुपदेशन' असं ठेवलं. एपीआय तसाच, एंडपॉइंटचं नाव तेवढं बदललं. पण एक गोष्ट मात्र मला त्यातली आवडली: निदान माणसाला आत जायच्या आधी कळतं की आपण कोणत्या खोलीत चाललोय.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. जो ऐकून घेतो त्याने मार्क देऊ नयेत. मी कोड रिव्ह्यू करताना ज्युनियरला म्हटलं की सगळं सांग, काय काय तुटलंय, आणि त्याचं अप्रेझलही माझ्याच हातात असलं, तर तो मला काय सांगणार? कोणत्याही ऑफिसात हे सगळ्यांना माहीत असतं. मुलाच्या बाबतीत तर नक्कीच दोन माणसं हवीत, आणि पहिल्या दिवशी एका पानावर, मराठीत, लिहून द्यायला हवं की यातलं काय कोर्टात जाईल आणि काय नाही. वकीलकाकांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणे, दोन मानसं? तालुक्याले एक भेटत नाई.

आणि खरी अडचण तीच आहे. मूल्यमापन करणार कोण?

कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १२ न्यायालयाला तज्ज्ञाची मदत घ्यायची मुभा देतं. पण ती व्यक्ती बालमानसशास्त्राचीच हवी असं तिथे नाही. वैद्यकीय तज्ज्ञ असू शकतो, कुटुंबकल्याणाचं काम करणारी व्यक्ती असू शकते. मुंबई-पुण्याच्या कुटुंब न्यायालयात समुपदेशक आहेत, मुलांसाठी वेगळी जागा आहे. पण आपल्या भागातल्या मुलाला मूल्यमापनासाठी पाठवायचं तर अकोला नाहीतर नागपूर. सहा वर्षांचं लेकरू सकाळी सहाला उठवून, गाडीत बसवून, उलट्या करत न्यायचं, अनोळखी खोलीत बसवायचं आणि विचारायचं, बाळा, तुला कोणाजवळ आवडतं? ज्याच्यासोबत आलंय त्याचंच नाव सांगणार ना ते. आपण म्हणतो ना, प्रॉडक्शनमधला बग स्टेजिंगवर दिसत नाही. मुलाचं घर हे प्रॉडक्शन आहे.

पुण्याच्या वकीलबाईंनी इथे चांगला मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, मी अहवालात निष्कर्ष शेवटी वाचते, आधी बघते की तज्ज्ञ मुलाला किती वेळा भेटला, दोन्ही घरांत गेला का, शाळेतल्या बाईंशी बोलला का, दोन्ही पालकांना सारखा वेळ दिला का. एका भेटीतला, एकाच पालकाने नेऊन आणलेला अहवाल असेल तर उलटतपासणीत त्याचे तुकडे होतात, आणि व्हायलाच हवेत. अकोल्याचे वकील याच्यावर म्हणाले की उलटतपासणीच्या भीतीने चांगले मानसोपचारतज्ज्ञ कोर्टाचं काम घेतच नाहीत. दवाखाना सोडून तारखेला कोण उभं राहणार? दोघांचंही खरं आहे, आणि मधे मूल आहे.

मुलाची स्वतःची पसंती हा वेगळाच गुंता. १८९० च्या कायद्यात म्हटलंय की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. वय लिहिलेलं नाही. बरेच न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावून स्वतः बोलतात, वकिलांना बाहेर ठेवून. वकीलकाका म्हणाले की त्यांनी असे एक न्यायाधीश पाहिले, जे मुलाला केसबद्दल एक शब्द विचारायचे नाहीत. शाळेचा डबा कोण भरतं, ताप आला तर रात्री कोण उठतं, पतंग कोणासोबत उडवतो, एवढंच. आणि त्यावरून सगळं कळायचं. मला हे कोणत्याही चाचणीपेक्षा जास्त शास्त्रीय वाटलं, पण ते त्या एका माणसावर अवलंबून आहे. बदली झाली की गेलं.

आणि मग 'पढवणं'. इंग्रजीतून आलेला एक शब्द हल्ली अर्जांमध्ये सर्रास दिसतो, पेरेंटल एलिएनेशन. म्हणजे एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणं. रिचर्ड गार्डनर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये त्याला आजाराचं नाव दिलं. आपल्या सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या एका निकालातही त्याचा उल्लेख आहे. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आपल्या रोगांच्या सूचीतून ही संज्ञा काढून टाकली, आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी म्हटलं की छळाची तक्रार करणाऱ्या आयांविरुद्ध हे हत्यार म्हणून वापरलं जातं, न्यायालयांनी ते वापरू नये. भाऊजींच्या अर्जात हा शब्द आहे. ताईने तो गुगल केला आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. आजार असो-नसो, पढवणं होतं. आमच्याही घरात आई भाच्यासमोर भाऊजींचं नाव काढताना जो सूर लावते, तो मी ऐकलेला आहे. मूल पण ऐकतंच. आता भाऊजींचा फोन आला की फोन मी भाच्याच्या हातात देतो आणि आईला घेऊन बाहेर ओट्यावर बसतो. आई चिडते. बसते मात्र.

फोनवरून आठवलं. २०२० च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने भेटीच्या हक्काबरोबर संपर्काचा हक्क हाही महत्त्वाचा मानला. ज्या पालकाकडे मूल नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं फोन किंवा व्हिडिओ कॉल. आपल्या पिढीला हे साहजिक वाटतं. मध्यस्थीच ऑनलाइन करा असंही पुण्यातले लोक म्हणतात. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक असं ठरवलं होतं की समेटाच्या टप्प्यावर व्हिडिओ कॉन्फरन्सिंग नको, माणसं समोरासमोर हवीत. वेगळं मत न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं होतं. नंतर कोविड आला. २०२३ च्या कायद्यात तर दोघांच्या लेखी संमतीने ऑनलाइन मध्यस्थीची तरतूद आहे. वाशिमच्या वकीलबाईंना मात्र ऑनलाइन नको वाटतं. कॅमेऱ्याच्या मागे कोण उभं राहून खुणा करतंय ते दिसत नाही, म्हणाल्या. आमच्या ऑफिसच्या इंटरव्ह्यूंमध्येही हाच प्रॉब्लेम आहे.

मग करायचं काय? सगळ्यात कामाची गोष्ट मला पुण्याच्या वकीलबाईंकडून मिळाली, आणि ती आपल्या राज्यातलीच आहे. मुंबईच्या चाइल्ड राइट्स फाउंडेशन या संस्थेने ताबा आणि भेटीबद्दल एक मार्गदर्शिका तयार केली, तिच्यात 'पेरेंटिंग प्लॅन'चा नमुना आहे. हायकोर्टाच्या मान्यतेने ती राज्यात वापरात आली. विधी आयोगानेही २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा, पेरेंटिंग प्लॅन, मध्यस्थी, आजी-आजोबांचा मुलासोबतचा वेळ, यावर शिफारशी केल्या. आयोगाचे अध्यक्ष तेव्हा सोलापूरचे न्यायमूर्ती अजित शहा होते. त्या शिफारशींवरून मूळ कायदा अजून बदललेला नाही. पण नमुना वापरायला कायदा लागत नाही. मध्यस्थीत नुसतं 'मूल आईकडे, भेट वडिलांना' असं लिहिण्याऐवजी त्यात खालपर्यंत उतरायचं.

आम्ही ताईसोबत बसून यादी केली. दिवाळीचे चार दिवस कोणाकडे, पोळा कुठे. उन्हाळ्याची सुट्टी किती आठवडे पुण्याला. शेलूबाजारहून पुणे हा प्रवास कोण करणार, मुलाला न्यायला वडील येणार की आपण सोडायचं, की अर्ध्या रस्त्यात संभाजीनगरला हातात द्यायचं. ताप आला तर कोणाला किती वेळात कळवायचं. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोघंही असतील का. शाळा बदलायची तर दोघांची सही. फी कोण भरणार, आणि ती पोटगीत धरायची की वेगळी. ताईने एक ओळ स्वतःहून घातली, आईला न विचारता: महिन्यातून एक शनिवार-रविवार भाऊजी शेलूबाजारला येतील तेव्हा मुलाला भेटायला कोर्टाच्या आवारात जायचं नाही, आमच्याच घरी, आम्ही मळ्यात जाऊ. कोर्टाच्या आवारात भेटी होतात त्याबद्दल चारही वकिलांचं एकमत होतं, मूल तिथे बापाला भेटत नाही, पोलिसांना आणि पट्टेवाल्याला बघत बसतं.

अकोल्याच्या वकिलांनी एक सावधगिरी सांगितली. ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. संमतीने झालेली तडजोडसुद्धा परिस्थिती बदलली तर मुलाच्या हितासाठी पुन्हा उघडता येते, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येही सांगितलंय. म्हणून ज्याच्याकडे मूल आहे त्याने 'झालं आता' म्हणून बसू नये, आणि ज्याच्याकडे नाही त्याने आशा सोडू नये. आणखी एक: अर्ज कुठल्या कोर्टात चालणार हे मूल सामान्यपणे कुठे राहतं यावर ठरतं. त्यामुळे मुलाला घाईघाईने उचलून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचे प्रकार होतात. करू नका. कोर्टाला ते लगेच कळतं, आणि मुलाला त्याच्या आधी.

ज्यांच्याकडे वकिलाचे पैसे नाहीत त्यांच्यासाठी: महिलांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, १९८७ च्या कायद्याने. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत त्यांचं ऑफिस असतं, साधा अर्ज चालतो.

ताईची तारीख पुढच्या महिन्यात आहे. वाशिमच्या वकीलबाईंच्या सल्ल्याने तिच्या वकिलांनी दोन ओळींचा अर्ज तयार केलाय. मूल्यमापनाला आमची हरकत नाही, पण ते मध्यस्थाने करू नये, वेगळ्या व्यक्तीने करावं. त्या व्यक्तीने मुलाला दोन्ही घरांत भेटावं, आणि अहवालाची प्रत दोन्ही बाजूंना मिळावी. भाऊजींच्या वकिलांकडून अजून त्यावर म्हणणं आलेलं नाही. भाऊजींनी मात्र काल रात्री कॉलवर भाच्याला विचारलं, घर बघायला कोणी पाहुणे आले तर तू त्यांना तुझी सायकल दाखवशील का. तो म्हणाला, कोणती, इथली की पुण्याची?